सहा महिने परदेशी: लेकीच्या बाळंतपणाला जाताना



संयोजकांनी आजचा विषय ‘परदेशातले सहा महिने’ असा दिलाय. पण इथे बसलेल्यांपैकी फिरायला निघालेले फार थोडे आहेत, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. कुणाच्या लेकीला सातवा महिना लागलाय, कुणाच्या सुनेची रजा संपत आलीय. आम्ही दोघं याच कामासाठी दोनदा अमेरिकेत राहून आलो. तेव्हापासून निघणाऱ्या मंडळींशी बोलणं होत असतं. म्हणून आज बाकीचे देश बाजूला ठेवू आणि अमेरिकेपुरतंच बोलू.

आपल्याकडची रीत अशी की पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी येते. आता माहेरच उठून लेकीकडे जातं. यात नुसती जागा बदलत नाही. आपल्या घरी दूधवाला आपला, डॉक्टर ओळखीचे, बाळाला न्हाऊ घालायला येणाऱ्या बाई ठरलेल्या, आणि अडलं तर शेजारचं दार वाजवता येतं. तिकडे काम तेच, पण यातलं काहीही हाताशी नसतं. कायद्याच्या लेखी आपण पाहुणे असतो आणि घराच्या लेखी आधार. या दोन्हींमधलं अंतर निघण्याआधी समजून घेतलं, तर सहा महिने बरे जातात. आज सांगायचं आहे ते एवढंच.

आधी आपली गरज का पडते ते पाहू. आपल्याकडे २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी बाळंतपणाची रजा आहे. अमेरिकेत देशभर लागू असलेला कायदा १९९३ चा. त्यात १२ आठवडे रजा मिळते, पण ती बिनपगारी. म्हणजे नोकरी जाणार नाही एवढीच हमी. तीही ५० किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीत, वर्षभर नोकरी झालेली असेल आणि आदल्या १२ महिन्यांत १,२५० तास काम केलेलं असेल तर. कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, न्यू यॉर्क अशा काही राज्यांनी पगारी रजेची सोय केली आहे, काही कंपन्याही देतात. बाकीच्यांचं बाळ दोन-तीन महिन्यांचं होतं आणि आई कामावर जाते. पाळणाघरं लहान बाळांना घेतात, पण खर्च मोठा, आणि एवढंसं बाळ कुणाकडे सोडायला जीव धजत नाही. म्हणून सहा महिने आपण आणि पुढचे सहा महिने व्याही-विहीणबाई, अशी पाळी लागते. मुलं आपल्याला ‘हवापालट होईल, या’ म्हणतात, ते प्रेमानंच. पण त्यामागे हा हिशेब असतो. तो आपल्याला माहीत असला की मग राग येत नाही.

आता पाहुणेपणाचा कायदा. बी-२ व्हिसा बहुधा १० वर्षांचा मिळतो. त्यावरून अनेकांना वाटतं, आता हवं तितकं राहता येईल. तसं नाही. व्हिसा म्हणजे दारापर्यंत जायची परवानगी. आत किती दिवस राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. साधारणपणे सहा महिने देतात. ती तारीख आय-९४ नावाच्या नोंदीत असते. पासपोर्टवर शिक्का मिळेलच असं नाही, पण नोंद सरकारी वेबसाइटवर दिसते. पोचल्यावर त्याच आठवड्यात मुलांना ती काढायला सांगा, छापून फ्रिजवर लावा. परतीचं तिकीट त्या तारखेच्या आठवडाभर तरी आधीचं हवं. मुदत वाढवायची असेल तर अर्ज मुदत संपायच्या आत करावा लागतो. मुदत उलटल्यावर नुसतं राहिलं तर तो व्हिसा बाद होतो. १८० दिवसांहून जास्त राहून मग देश सोडला तर तीन वर्षं, आणि वर्ष किंवा त्याहून जास्त राहिलं तर दहा वर्षं परत प्रवेश नाही. नातवाच्या बारशापासून मुंजीपर्यंतची सगळी जाणी-येणी यावर अवलंबून आहेत, म्हणून यात हयगय नको. अधिकाऱ्यानं विचारलं तर जे खरं आहे ते थोडक्यात सांगायचं. या व्हिसावर तिकडे नोकरी किंवा पगारी काम करता येत नाही, शेजारच्यांचं बाळ पैसे घेऊन सांभाळणंसुद्धा नाही.

दुसरी गोष्ट आजारपणाची. तिथे ज्येष्ठांसाठी जी सरकारी योजना आहे ती आपल्यासाठी नाही. १९८६ च्या कायद्यानं असं आहे खरं, की इमर्जन्सी विभाग असलेल्या रुग्णालयानं आलेल्या माणसाला तपासायचं आणि जीव धोक्यात असेल तर आधी स्थिर करायचं, मग पैशाचं पाहायचं. पण बिल नंतर येतंच. आणि ते आपल्याला नाही, आपल्या मुलांना छळतं. म्हणून विमा घ्यायचाच.

विमा घेताना दोन प्रकार समजून घ्या. एकात प्रत्येक गोष्टीला ठरावीक रक्कम असते. डॉक्टरांच्या भेटीला इतके, खाटेला दिवसाचे इतके. वरचा सगळा खर्च आपला. दुसऱ्यात सुरुवातीची ठरलेली रक्कम आपण भरायची, पुढच्या खर्चाचा मोठा वाटा मर्यादेपर्यंत कंपनी देते. पहिला स्वस्त दिसतो, पण मोठं आजारपण आलं तर तोकडा पडतो. आणि मुख्य म्हणजे मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार आधीपासून असेल तर त्याचं काय, ते वाचून घ्या. बऱ्याच पॉलिसींमध्ये जुना आजार अचानक उसळला तरच पैसे मिळतात, आणि त्यालाही वयाची अट असते. नेहमीची तपासणी, दात, चष्मा त्यात बसत नाही. तेव्हा हे सगळं इथेच उरकून निघा. किरकोळ ताप, लचक, कापणं यासाठी ‘अर्जंट केअर’ नावाचे दवाखाने असतात. तिथे इमर्जन्सीपेक्षा पुष्कळ कमी पैसे लागतात. छातीत दुखलं, बोलणं अडखळलं, तर मात्र मुलं ऑफिसातून यायची वाट पाहायची नाही, ९११. घराचा पत्ता इंग्रजीत पाठ करा, दोघांनीही.

औषधं मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत. तिकडच्या नियमात साधारण तीन महिन्यांचा साठा धरलेला आहे, तेव्हा पुढच्या तीन महिन्यांचं काय, ते आपल्या डॉक्टरांशी आणि मुलांशी आधी बोला. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव हवं, कंपनीचं नाही. त्यातही गंमत आहे. आपलं पॅरासिटामॉल तिकडे असेटामिनोफेन असतं. नाव वेगळं म्हणून दोन्ही एकदम घेऊ नका. आणि फ्लूची आणि डांग्या खोकल्याची लस निघण्याच्या निदान दोन आठवडे आधी घ्या. तान्ह्या बाळाजवळ जाणाऱ्या मोठ्या माणसांनी ती घेतलेली असावी असं तिकडचे डॉक्टर सांगतात.

बॅगेत डिंकाचे लाडू, सुंठ, अळीव, बाळंतशेपा असणारच. कोरडा खाऊ बहुधा अडत नाही, पण अर्जावर किंवा विचारल्यावर ‘खाण्याचे पदार्थ आहेत’ असं सांगायचं. सांगितल्यावर फार तर एखादी वस्तू काढून घेतील. लपवलं तर दंड. ताजी फळं नाहीत, मांस नाही, आणि आमच्या भगिनींना सगळ्यात लागतं ते म्हणजे ताजा कढीपत्ताही नाही. कढीपत्ता लिंबू-संत्र्याच्याच कुळातला. त्याच्या पानांवरून येणारी एक कीड तिकडच्या संत्र्याच्या बागांना रोग लावते, म्हणून बंदी.

आता घरातल्या कामाकडे येऊ. आपल्याला चार बाळंतपणं माहीत असतात आणि लेकीच्या हातात डॉक्टरांनी दिलेला कागद असतो. खटका इथे उडतो. तो कागद म्हणतो, बाळाला पाठीवर झोपवा, सपाट गादीवर, उशी नको, दुपटी-रजया नकोत. १९९४ पासून तिकडे ही मोहीम चालू आहे, झोपेत अचानक होणारे बाळांचे मृत्यू टाळण्यासाठी. आपली राईची उशी त्यात बसत नाही. वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही, कारण मधातल्या जंतूंमुळे तान्ह्या बाळाला गंभीर आजार होऊ शकतो. हे तर आपल्याकडचे डॉक्टरही सांगतात. धुरीचं तर विचारूच नका, छतावरचा भोंगा वाजायला लागतो. फोडणीलाही वाजतो. तेव्हा जिथे बाळाच्या जिवाचा प्रश्न आहे तिथे कागदाचं ऐकायचं. पण तेलाचा हात, अंगाई, बाळाला मांडीवर घेण्याची पद्धत, बाळंतिणीच्या ताटातली गरम भाकरी, यावर कुठल्या कागदाची हरकत नाही. तिथे आपलं राज्य.

आणि थकवा. साठी-पासष्टीच्या गुडघ्यांवर चार माणसांचा स्वयंपाक आणि रात्रीचं जागरण. घरी कामवाल्या मावशी होत्या, इथे आपणच मावशी. हे कुणी मुद्दाम करत नाही. आई कधी ‘नाही’ म्हणाली नाही, म्हणून मुलांना कळलेलं नसतं. जाण्याआधी फोनवर तीन गोष्टी बोला. रात्री बाळ कोण घेणार, आठवड्यातला कुठला दिवस चूल बंद, आणि आमच्या हातखर्चाचं, विम्याचं, औषधाचं कोण पाहणार. पैशाचं बोलायला आपल्याला संकोच वाटतो. पण दर वेळी मुलीकडे डॉलर मागणं त्याहून अवघड जातं.

बाबा मंडळींचा प्रश्न वेगळा. त्यांना काम नसतं. गाडी चालवता येत नाही, उपनगरात बस नाही, पुष्कळ ठिकाणी फुटपाथही नाहीत. सकाळी नऊला मुलं कामाला लागतात, आणि डिसेंबरात शिकागोला साडेचारच्या आत सूर्य मावळतो. मधले तास खायला उठतात. फोन करावा तर इथे मध्यरात्र. न्यू यॉर्कशी आपलं अंतर उन्हाळ्यात साडेनऊ तासांचं, हिवाळ्यात साडेदहा. कॅलिफोर्नियाशी साडेबारा आणि साडेतेरा. तेव्हा निवड असेल तर पहिली खेप हिवाळ्यात नको. पण बाळ ऋतू पाहून येत नाही, म्हणून घराजवळचं सार्वजनिक वाचनालय पहिल्या आठवड्यात शोधा. तिथे बसायला, वाचायला पैसे पडत नाहीत. गावातलं मराठी मंडळ शोधा. फ्रीमाँटच्या लेक एलिझाबेथभोवती सकाळी चक्कर मारलीत तर आपल्यासारखीच फिरणारी भारतीय मंडळी दिसतील. मात्र ती आपल्या दारी येणार नाहीत, पहिला नमस्कार आपण करायचा.

मागे राहिलेल्या घराचंही पाहू. निवृत्तिवेतन असेल तर नोव्हेंबरात हयातीचा दाखला लागतो. २०१४ पासून तो ‘जीवन प्रमाण’नं डिजिटल देता येतो, परदेशातून भारतीय वकिलातीमार्फतही देता येतो. आपल्याला यातलं काय लागू आहे, ते निघण्याआधी बँकेत विचारा. इथलं सिमकार्ड चालू ठेवा, कारण बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. तो नाही तर सोसायटीचा मेंटेनन्सही भरता येत नाही. एक किल्ली विश्वासातल्या माणसाकडे, आणि तुळशीला पाणी कोण घालणार ते ठरवून. आणि कामवाल्या मावशींशी स्पष्ट बोला. सहा महिने त्यांचं एक घर कमी होतं. अर्धा पगार चालू ठेवणार, की त्यांनी दुसरं काम धरायचं, हे त्यांना महिनाभर आधी कळायला हवं.

शेवटचा मुद्दा जड आहे, पण टाळता येत नाही. आपल्यापैकी अनेकांचे आई-वडील हयात आहेत, पंच्याऐंशी-नव्वदीचे. नातवंड तिकडे आणि आई इकडे, असे आपण मधोमध उभे असतो. काही झालं तर विमान धरून घरी पोचायला दीड-दोन दिवस जातात. तेव्हा दोघांनी एकदम जायचं की पाळीपाळीनं, तिकीट बदलता येणारं घ्यायचं का, आणि आपण पोचेपर्यंत थांबायचं की पुढचं उरकायचं, हे भावंडांशी बोलून ठेवा. शक्य असेल तर आईशीसुद्धा. म्हातारी माणसं हे आपल्यापेक्षा सहज बोलतात, असा आमचा अनुभव आहे. ‘जा, पोरीला गरज आहे’ हे त्यांच्या तोंडून ऐकून निघालं, की पुढचे सहा महिने पाय मागे ओढत नाही.

आज घरी गेल्यावर विम्याचे कागद काढू नका, सामानाची यादीही नको. आधी लेकीला फोन करा आणि त्या तीन गोष्टी विचारा. ती थोडी गांगरेल, मग बोलेल. तिलाही आपल्याला काय विचारावं हे सुचत नसतं.

एवढं बोलून थांबतो. आता प्रश्न घेऊ.