गाठ चमकली म्हणजे कॅन्सरच का?

आपल्या मालेगावात खोकला घराघरात आहे. यंत्रमागाचा तूस, बिडीचा धूर आणि टीबी, यांतला नेमका कशाचा खोकला हे लवकर उमगत नाही. वस्तीत फिरताना आम्हाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात: ‘फुफ्फुस बसलं म्हणजे काय?’ आणि ‘पेट स्कॅनमध्ये गाठ चमकली, म्हणजे कॅन्सरच ना?’

फुफ्फुसाभोवती दोन पातळ पडदे असतात. त्यांच्या मधे हवा शिरली की फुफ्फुस आकसते. छातीत एका बाजूला अचानक कळ येते, धाप लागते. उंच, सडपातळ तरुणांना दुसरा आजार नसतानाही हे होते. टीबीने किंवा जुन्या दम्याने फुफ्फुस कमजोर झालेल्यांना धोका जास्त. धूम्रपानाचे तर विचारूच नका: १९८७ साली स्टॉकहोमच्या अभ्यासात धूम्रपान करणाऱ्या पुरुषांत हा धोका २२ पट आणि स्त्रियांत ९ पट आढळला. हवा जास्त असेल तर छातीत नळी घालून ती पाण्याच्या बाटलीत सोडतात. वॉर्डात असताना आम्ही पाहिले, बाटलीतले बुडबुडे बघून नातेवाईक घाबरतात. ती अडकलेली हवा बाहेर पडत असते. बाटली मात्र छातीच्या वर कधीही उचलू नये.

आता पेट स्कॅन. कॅन्सरच्या पेशी साखर जास्त खातात. म्हणून किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली साखर शिरेतून देतात. ती जिथे जास्त साठते, तो भाग चित्रात चमकतो. हे औषध सायक्लोट्रॉन यंत्रात तयार होते. मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये ही सोय २००२ साली आली. औषधाचा किरणोत्सार ११० मिनिटांत निम्मा होतो. मुंबईहून मालेगावला यायला पाच तास धरले तर जेमतेम सातवा हिस्सा उरेल. म्हणूनच हे औषध साठवून ठेवता येत नाही.

पण टीबीच्या गाठीही साखर ओढतात आणि तशाच चमकतात. त्यामुळे चमकली म्हणजे कॅन्सर, असे ठरवून हातपाय गाळू नका. खात्री तुकडा तपासूनच होते. तो सुईने काढताना कधीकधी फुफ्फुसाला छिद्र पडून हवा शिरते. इथे दोन्ही प्रश्न एकत्र येतात.

म्हणून तपासणीआधी डॉक्टरांना सगळे सांगा: पूर्वी टीबी झाला होता का, बिडी किती वर्षे ओढली, मधुमेह आहे का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, बाई गरोदर आहे का, अंगावर पाजते का. तुकड्यात टीबीचीही तपासणी करणार का, हे विचारा. घरी आल्यावर धाप लागली किंवा छातीत कळ आली, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. प्रश्न विचारणे हा उद्धटपणा नाही, तो रुग्णाचा हक्क आहे.