परभाषेच्या वर्गातील भातुकली

बाकावर चार संत्री, दोन लिंबे आणि एक पाव मांडलेला आहे. बाकामागे एक विद्यार्थी दुकानदार होऊन उभा आहे आणि समोर तिघे गिऱ्हाइके. 'क्वांतो क्वेस्ता?' म्हणजे 'केवढ्याला?' एवढे विचारून एकाची गाडी अडते, दुसरा बोटांनी आकडा सुचवतो आणि वर्ग हसतो. स्पॅनिशच्या वर्गातले हे नाटुकले नागपुरातल्या एखाद्या पालकाने दारातून पाहिले, तर फी भरून मुलगा पोरखेळ शिकतो की काय, अशी शंका त्याला आल्यावाचून राहणार नाही. अभ्यास म्हणजे वही, शब्दांची यादी आणि घोकंपट्टी, ही आपली पिढीजात समजूत आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर ज्यांचे इंग्रजी पोसले गेले, त्यांना भाषांतरावाचून भाषा येते हेच मुळी पटत नाही.

ही समजूत केवळ आपलीच नाही. एकोणिसाव्या शतकात फ्रान्स्वा ग्वँ नावाचा एक फ्रेंच शिक्षक जर्मन शिकण्यासाठी हँबुर्गला गेला. त्याने व्याकरण पाठ केले, क्रियापदे पाठ केली, अखेर शब्दकोशही घोकला. तरी जर्मन माणसे बोलू लागली की त्याला काही उमगत नसे. हताश होऊन घरी परतला, तेव्हा त्याचा तीन वर्षांचा भाचा नुकताच पिठाची चक्की पाहून आला होता. त्या मुलाने छोट्या पिशव्या भरल्या, चक्की मांडली, दळण घातले आणि प्रत्येक कृतीबरोबर तिचे शब्द उच्चारीत तो सारा प्रसंग पुनःपुन्हा खेळला. प्रौढ पंडिताला वर्षभरात जे साधले नव्हते, ते पोराला खेळता खेळता साधत होते. ग्वँने १८८० साली या अनुभवावर ग्रंथ लिहिला आणि कृतींच्या साखळीतून भाषा शिकविण्याची आपली पद्धत मांडली. आपल्या घरांतून भातुकली मांडणाऱ्या मुली हेच करीत आल्या आहेत. मात्र त्यावर ग्रंथ लिहावा असे कोणाला वाटले नाही.

शब्द यादीत असतो तेव्हा तो दुसऱ्या शब्दाला चिकटतो. प्रसंगात असतो तेव्हा तो वस्तूला चिकटतो. नागपूरकरांना हे निराळे सांगावयास नको. सन १९५६ पर्यंत हे शहर हिंदी आणि मराठी अशा दोन भाषांच्या प्रांताची राजधानी होते. सीताबर्डीवरचा विक्रेता एका गिऱ्हाइकाशी मराठीत आणि दुसऱ्याशी हिंदीत भाव करतो, ते त्याने कोणत्या व्याकरणातून शिकले? तो रोज तीच भूमिका वठवतो, इतकेच.

स्पॅनिशच्या बाबतीत तर मराठी विद्यार्थ्याच्या गाठीला काही भांडवल आधीच असते. पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण, आणि तिच्याकडून आपण बटाटा घेतला, बालदी घेतली, महिन्याच्या एक तारखेला ज्याची वाट पाहिली जाते तो पगारही घेतला. स्पॅनिशमध्ये 'पागार' म्हणजे पैसे देणे. संत्र्याला तेथे 'नारांखा' म्हणतात. संस्कृतातला नारंग फारसी आणि अरबी भाषांतून प्रवास करीत स्पेनला पोचला, त्याचा हा अवतार. पावाला मात्र 'पान' म्हणतात, आणि नाटुकल्यात गिऱ्हाइकाने पान मागितले की नागपूरच्या पोरांना पानठेला आठवून हसू आवरत नाही. ते हसू वाया जात नाही. तो शब्द पुन्हा विसरला जात नाही. दुकानदाराला एकेरी 'तू' म्हणावे की आदराने 'उस्तेद', हा पेचही आपल्या मुलाला लगेच कळतो. स्पॅनिशमधला 'तू' म्हणजे आपलाच 'तू'. इंग्रजीने हा भेद केव्हाच टाकून दिला आहे.

आणि येथेच खरा प्रश्न आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिक स्तरावर शिकविता येण्याजोग्या परकीय भाषांत स्पॅनिशचा उल्लेख केला आहे. स्पॅनिशच्या पहिल्या तासाला इंग्रजी शाळेतला मुलगा आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेली मुलगी दोघेही सारखेच अडाणी असतात. एरवी शिक्षणात अशी समता दुर्मीळ. परंतु पाठ्यपुस्तकातील अर्थ इंग्रजीत, सूचना इंग्रजीत, शिक्षकाचे स्पष्टीकरणही इंग्रजीत. म्हणजे ज्या भाषेने तिला आजवर मागच्या बाकावर बसविले, तिचाच जकातनाका येथेही उभा. नाटुकल्यात हा नाका नसतो. संत्रे हातात आहे; त्याला इंग्रजीत काय म्हणतात हे कोणी विचारत नाही.

हिशेबही पाहण्यासारखा आहे. पंचेचाळीस मिनिटांचा तास आणि पंचेचाळीस विद्यार्थी. शिक्षक स्वतः एक शब्द बोलला नाही, तरी एकेकाने उभे राहून बोलायचे ठरविल्यास प्रत्येकाच्या वाट्याला एक मिनिट येते. पाचापाचांचे नऊ गट करून सर्वांनी एकाच वेळी बाजार भरविला, तर तेच मिनिट नऊ मिनिटांचे होते. खर्च वाढत नाही. गलका तेवढा वाढतो आणि शेजारच्या वर्गातून तक्रार येते.

पद्धतीत दोष नाहीत असे नाही. संवाद लिहून दिले की नाटुकले म्हणजे उभ्याने केलेली घोकंपट्टी होते. मग दुकानदाराने ठरल्याहून निराळा भाव सांगितला की गिऱ्हाइकाची बोलती बंद. शाळांच्या स्नेहसंमेलनांतला जुना रोगही येथे शिरतो: धीट मुलाला नायकाची भूमिका आणि बुजऱ्या मुलीला झाडाची. झाडाला शब्दसंग्रह लागत नाही. म्हणून संवाद पाठ न करता केवळ प्रसंग ठरवावा, भाव ऐनवेळी बदलावा आणि भूमिका फिरत्या ठेवाव्यात, एवढे पथ्य शिक्षकाने पाळावयास हवे.

अडचण राहते ती परीक्षेची. वर्षभर बाजार भरवायचा आणि अखेरीस तीन तास गाळलेल्या जागा भरावयास लावायच्या, तर विद्यार्थी डिसेंबरातच बाजार उठवून यादीकडे वळतील, आणि त्यांना दोष देता येणार नाही. तोंडी परीक्षेचे गुण वाढवून त्या परीक्षेतच चौघांना एक प्रसंग द्यावा: रेल्वेस्थानकावर सामान हरवले आहे, किंवा दवाखान्यात ताप सांगायचा आहे. परीक्षकाने बाजूला बसून ऐकावे, आणि मागच्या बाकावरच्या मुलीला पहिल्याच खेपेस डॉक्टर करावे.