‘वाणी’ या शब्दाचे घराणे

एखाद्याला ‘वाणी’ म्हटले की ऐकणारे हसतात. कवडीचुंबकपणा, मापातील खोट, चोपडीतले व्याज, सारे त्या दोन अक्षरांत येऊन बसते. कामगारांच्या सभांतून मीही हा शब्द शिवीसारखा वापरला आहे. म्हणून त्याचे कूळ आज नीट पाहू.

संस्कृतात ‘वणिज्’ म्हणजे व्यापारी. शब्द ऋग्वेदाइतका जुना आहे. त्यावरून ‘वाणिज’ झाले, प्राकृतात त्यातला ‘ज’ गळून ‘वाणिअ’ उरले आणि मराठीत ‘वाणी’ आले. बोलणे या अर्थाची वाणी निराळी. दोघींचे नाते नाही. गुजरातीतील ‘वाणियो’, हिंदीतील ‘बनिया’, आपले ‘वाणसामान’ आणि महाविद्यालयातील ‘वाणिज्य’ ही मात्र सारी सख्खी भावंडे.

हा शब्द समुद्रापारही गेला. इराणच्या आखातात व्यापार करणाऱ्या गुजरात्यांना पोर्तुगीज ‘बनियान’ म्हणू लागले. तेथील एका बंदराजवळ वडाखाली या व्यापाऱ्यांचे छोटे देऊळ होते. त्यावरून इंग्रजांनी वडाचेच नाव ‘बनियन’ ठेवले. आपल्या अंगातली बनियनही त्याच घराण्यातली!

आता पाहा, मुळात या शब्दात लबाडीचा लवलेश नाही. ‘हमाल’ म्हणजे ओझे वाहणारा, तसा ‘वणिज्’ म्हणजे माल विकणारा. दोन्ही नावे कामावरून पडली. पुढे तराजू आणि चोपडी एकाच हाती आली, अडलेल्याला हिशेब वाचता येईना, तेव्हा व्यवहारातील कडवटपणा शब्दाला चिकटला. शिवाय शब्द जातीचे नाव झाल्याने एकाचा दोष साऱ्यांच्या माथी बसला. गंमत अशी की, मोठा साठेबाज ‘शेठ’ म्हणवून सुटतो, आणि कोपऱ्यावरचा किराणावाला ‘वाणी’ ठरतो.

देहूचे तुकाराम महाराजही व्यवसायाने वाणीच. परंपरा सांगते की, त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली. आणि संप लांबला असता चाळीतल्या चुली कोणाच्या उधारीवर पेटतात, हे मी पाहिले आहे. त्या उधारीशिवाय आमचे कित्येक संप आठवडाभरही टिकले नसते.

तेव्हा माप खोटे असेल तर ते माप चव्हाट्यावर आणू, हिशेब मागू, कायद्याने भांडू. पण शिवी म्हणून हा शब्द मी आता वापरीत नाही.