पाणी कालव्यानं आलं, शिकवण कशानं येणार?

नीरा डावा कालवा बारामतीच्या शिवारात आला तो १८८० च्या दशकात. त्याआधी १८७६-७७ च्या दुष्काळानं माणसं आणि जनावरं होरपळून निघाली होती. तेव्हा पाटाला पाणी सुटलं की सगळा मुलूख त्यावर तुटून पडेल, असं सरकारला वाटलं असणार. पण तसं काही झालं नाही. ज्वारी-बाजरीची जिरायत करणाऱ्या इथल्या शेतकऱ्याला ऊस कधी लावावा, पाणी किती द्यावं, भांडवल कुठून आणावं, गूळ कसा रांधावा, हे ठाऊकच नव्हतं. पाणी दारातून वाहात होतं आणि शेत कोरडंच होतं.

ही कोंडी फोडली सासवडकडून आलेल्या माळी शेतकऱ्यांनी. त्यांनी इथल्या जमिनी खंडानं घेतल्या, ऊस लावला, गुऱ्हाळं घातली. इथला शेतकरी आधी बांधावरून बघत राहिला, मग हळूहळू स्वतः ऊस करू लागला. पुढे १९५० च्या दशकात माळेगावला आणि इंदापूर तालुक्यात भवानीनगरला सहकारी साखर कारखाने उभे राहिले, त्यामागे ही शिकवण होती. तिचा ना वर्ग होता, ना फळा. शेजारच्याचं उभं पीक हाच धडा होता.

आज बारामती-इंदापुरात शिकवणाऱ्या संस्थांची वाण नाही. १९७१ साली बारामतीत अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टची स्थापना झाली, १९७२ साली विद्या प्रतिष्ठानची. माळेगाव खुर्दला १९९२ पासून कृषी विज्ञान केंद्र आहे. नदीपलीकडे पाडेगावला १९३२ पासून ऊस संशोधन केंद्र आहे. उसाच्या ज्या को ८६०३२ वाणानं घराघरात पैसा आणला, तो शेतकऱ्यांच्या हाती दिला पाडेगावनंच. अलीकडे उसाला पाणी आणि खत कधी, किती द्यायचं, हे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीनं सांगण्याचे प्रयोगही बारामतीत सुरू झाले आहेत. एवढं सगळं हाताशी असताना प्रश्न उरतो तो एकच. ही शिकवण पोहोचते कुणापर्यंत?

फुल्यांनी मागितलेला मास्तर

हा प्रश्न नवा नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या महात्मा जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. गावच्या शाळेत मोडी, बाळबोध आणि हिशेबाबरोबर शेतीचंही प्राथमिक ज्ञान द्यावं, अशी त्यांची मागणी होती. मास्तर शक्यतो शेतकरी वर्गातले असावेत आणि वेळ पडली तर नांगराचा रुमणा धरायला लाजणारे नसावेत, असंही त्यांनी सांगितलं. शिकवणारा आणि शिकणारा एका मातीतले असले तरच विद्या खाली उतरते, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं.

स्वातंत्र्यानंतर सरकारनं बरेच मार्ग चोखाळले. १९८० च्या दशकात राज्यात 'प्रशिक्षण व भेट' योजना आली. ठरल्या दिवशी कर्मचाऱ्यानं प्रशिक्षण घ्यायचं, ठरल्या दिवशी गावात जायचं आणि निवडक 'संपर्क शेतकऱ्यां'ना सांगायचं. त्यांनी ते पुढं गावभर सांगायचं. कागदावर योजना चोख होती. पण संपर्क शेतकरी बहुधा वाड्यातला, विहीर-बैलवाला, सायबाला चहा पाजू शकणारा. त्याच्यापर्यंत आलेलं ज्ञान बऱ्याचदा त्याच्याच बांधावर थांबलं.

याच्या उलट धडा इंडोनेशियातून मिळतो. तिथं भातावर तुडतुड्यांनी कहर केला होता. जेवढी फवारणी वाढली तेवढी कीड वाढली, कारण औषधानं मित्रकीटकच आधी मरत होते. १९८९ साली तिथं शेतीशाळा सुरू झाल्या. वीस-पंचवीस शेतकऱ्यांनी हंगामभर दर आठवड्याला एकाच शेतात जमायचं, रोपावरचे शत्रुकीटक आणि मित्रकीटक मोजायचे, त्यांचं चित्र काढायचं आणि फवारायचं की नाही ते आपसात ठरवायचं. सायबानं उत्तर द्यायचं नाही, प्रश्न विचारायचा. हीच शेतीशाळा आज आपल्या कृषी खात्याच्या कार्यक्रमात आहे. मात्र ती हंगामभर चालते की एका दिवसात फोटोपुरती उरकते, यावर सगळं अवलंबून आहे.

न शिकल्याची किंमत

न शिकल्याची किंमत बघायची असेल तर कालव्याच्या पट्ट्यात खारवटलेल्या जमिनी बघाव्यात. काळ्या जमिनीतून पाण्याचा निचरा सावकाश होतो. पाळी आली की सरी तुडुंब भरायची, हा आपला शिरस्ता. त्यानं जमिनीखालचं पाणी वर येतं, येताना क्षार घेऊन येतं. पाणी वाफ होऊन जातं, क्षार मागं राहतात. मग बांधाच्या कडेला पांढरा थर दिसू लागतो आणि उसाचा उतारा घसरतो. ज्याच्या बापानं पाणी मिळावं म्हणून अर्ज केले, त्याच्या लेकावर पाणी बाहेर काढण्यासाठी चर खोदायची वेळ येते.

यावर उपाय आहेत. पण जमीन खारवट आहे की चोपण, हे आधी कळायला हवं. खारवट जमिनीला मुख्य गरज निचऱ्याची असते. चोपण जमिनीला निचऱ्याबरोबर जिप्समही लागतं. माती परीक्षण न करता जिप्समची पोती ओतणं म्हणजे रोग न बघता गोळी गिळणं. माती परीक्षणाचा कागद पुष्कळांच्या घरी असतो. त्यावरचा सामू आणि क्षारतेचा आकडा वाचता येणारे किती, हे ज्यानं त्यानं आपल्या गावात विचारून बघावं.

यादीत नाव कुणाचं?

प्रशिक्षणाला नाव नोंदवताना अनेकदा सातबारा मागतात. खुरपणी, लागण, धारा आणि वैरणपाणी बहुतांशी बाई करते, सातबाऱ्यावर मात्र बाप्याचं नाव. मग दुधाच्या प्रशिक्षणाला धनी जातो, जेवून येतो आणि गाईचा दगडी कासदाह सकाळी पहिल्यांदा दिसतो तो घरधनिणीला. 'त्यांनी काय सांगितलं?' असं तिनं विचारलं तर 'लई सांगितलं' एवढंच उत्तर मिळतं.

दुसरा सुटतो तो टेलचा शेतकरी. बारामतीच्या सुपे-मोरगावकडच्या जिरायत भागात आणि इंदापुरात कालव्याच्या शेपटाच्या गावांना पाण्याची पाळी हाच घोर असतो. त्याला ठिबकवरच्या उसाचं व्याख्यान ऐकवून काय उपयोग? त्याला हवी ती कमी पाण्यातली पिकं, शेततळ्याचा हिशेब, शेळीपालन, चाऱ्याचं नियोजन. तिसरा सुटतो तो भूमिहीन मजूर. डाळिंबाची छाटणी, द्राक्षाची विरळणी, ठिबकची दुरुस्ती, पंपाची मोटार भरणं ही कसबाची कामं आहेत आणि रोजापेक्षा चार पैसे जास्त देणारी आहेत. त्याच्यासाठी प्रशिक्षण म्हणजे थेट मजुरीतली वाढ.

ग्रामसभेनं करायची कामं

हे सगळं तालुक्याच्या साहेबानंच करावं, असं नाही. ग्रामपंचायत आराखडा तयार करते, तेव्हा रस्ता-गटाराबरोबर 'गावाला काय शिकायचंय' हा विषय ग्रामसभेपुढं ठेवता येतो. सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकाऱ्यांनी मनावर घेतलं तर पुढील चार गोष्टी बिनखर्चाच्या आहेत.

एक, प्रशिक्षणाच्या यादीत सातबाऱ्याऐवजी प्रत्यक्ष काम करणाऱ्याचं नाव घ्यावं.

दोन, वेळ हंगामाची आणि बायाबापड्यांच्या सोयीची असावी. ऐन लागणीत ठेवलेल्या वर्गाला रिकामटेकडेच येणार.

तीन, प्रात्यक्षिकाचा प्लॉट रस्त्याकडेच्या बागायतदाराकडं न ठेवता मध्यम किंवा हलक्या जमिनीच्या शेतकऱ्याकडं द्यावा. त्याला जमलं तर आपल्यालाही जमेल, असं गाव म्हणतं.

चार, प्रशिक्षणानंतर सहा महिन्यांनी ग्रामसभेत एकच प्रश्न विचारावा. शिकून आलेल्या किती जणांनी ते रानात केलं, आणि ज्यांनी केलं नाही ते का केलं नाही? कारण पैशाचं असेल तर सोसायटी-बँकेकडं जावं, पाण्याचं असेल तर पाटबंधारे खात्याकडं, आणि समजलंच नसेल तर शिकवणाऱ्याला पुन्हा बोलवावं.

हजेरीपटावर किती सह्या झाल्या, यावरून प्रशिक्षण मोजण्याची सवय आता सोडायला हवी. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी सासवडच्या माळ्यांनी कुणाची सही घेतली नव्हती. त्यांचा ऊस बघून शेजाऱ्याच्या रानात ऊस उभा राहिला. येत्या ग्रामसभेला जाताना आपापल्या गावाची ही एक मोजणी करून जावी.