समजून घ्या : शत्रूपासून मागे हटले की फटका बसतोच का?
नांदेडचे हॉस्टेल असो की लातूरचा ट्यूशन एरिया, ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ कुठेही खेळा. या प्रश्नावर वाद ठरलेला. नियम चुकला तर महिनोन्‌महिने जपलेले पात्र मरू शकते.

नियम काय?
२०१४ च्या पाचव्या आवृत्तीनुसार, शत्रूच्या टप्प्याबाहेर पडताना त्याला हल्ल्याची संधी मिळते. टप्प्यातच जागा बदलली तर नाही.

वाचायचे कसे?
आपल्या पाळीत ‘डिसएंगेज’ निवडा. मग चालत निघालात तरी ही संधी मिळत नाही. मात्र त्या पाळीत नेहमीचा हल्ला करता येत नाही. शिवाय एका शत्रूला असा फटका फेरीत एकदाच मारता येतो. त्याने तो चिलखतवाल्यावर खर्च केला, तर मागचा जखमी जादूगार सुटतो.

तरीही वाद?
निर्णय डंजन मास्टरचा. अर्थ डावाआधीच ठरवा.