ऐंशी जागांची शाळा

एक चौकोनी कागद घ्या. मधोमध उभा दुमडा, मग आडवा दुमडा. तयार झालेल्या घडीच्या मध्यावर एक भोक पाडा. आता कागद पूर्ण उलगडला, तर भोकं किती दिसतील आणि कुठे कुठे? पर्याय चार, बरोबर एक. विचार करायला सरासरी दीड मिनिट.

हा प्रश्न पाचवीतल्या मुलांसाठी आहे. दौंड तालुक्यातल्या भांडगावचं एखादं पोर, ज्याच्या घरापासून सोलापूर रस्त्यावरच्या ट्रकांचा आवाज हाकेच्या अंतरावर असतो, थंडीतल्या एका शनिवारी किंवा रविवारी परीक्षा केंद्रावर बसून असे चाळीस प्रश्न सोडवतं. त्यानंतर गणिताचे वीस, भाषेचे वीस. दोन तास, ऐंशी प्रश्न, शंभर गुण. त्यात नाव लागलं, तर पुढची सात वर्षं त्याचं राहणं, जेवण, पुस्तकं, गणवेश आणि शिक्षण केंद्र सरकारकडे. नाव लागलं नाही, तर पुन्हा बसता येत नाही. सहावीच्या प्रवेशाची ही परीक्षा आयुष्यात एकदाच.

संपादकांची मागणी सोपी होती: पुण्याच्या आसपासची, सरकारी, आणि निकालात खाजगी शाळांना न हरणारी एखादी माध्यमिक शाळा दाखवा. असं कुणी विचारलं की शिरूर-दौंडकडची माणसं थांबत नाहीत. ‘नवोदय’ म्हणतात आणि हात शिक्रापूरच्या दिशेला करतात. भांडगावहून निघालं की चौफुल्याला सोलापूर रस्ता सोडायचा, पारगावला भीमा ओलांडायची, न्हावऱ्याहून तळेगाव ढमढेरे करत शिक्रापूर गाठायचं. वाटेत ऊस आणि गुऱ्हाळं. शिक्रापूर जवळ आलं की कंपन्यांच्या बस, भाड्याच्या खोल्यांच्या इमारती आणि चाकणकडे जाणारे कंटेनर. त्याच पट्ट्यात पिंपळे जगताप हे गाव आहे. जवाहर नवोदय विद्यालय, पुणे असं जिल्ह्याचं नाव लावणारी शाळा तिथे आहे.

अधिकृत इतिहास थोडक्यात सांगता येतो. पी. व्ही. नरसिंह राव यांनी आंध्रात सत्तेत असताना 1971 मध्ये नळगोंडा जिल्ह्यात सर्वैलला खेड्यातल्या हुशार मुलांसाठी निवासी शाळा काढली. 1985 मध्ये ते केंद्रात मनुष्यबळ विकास मंत्री झाले आणि राजीव गांधींच्या सरकारने तीच कल्पना देशभर न्यायची ठरवली. 1985-86 मध्ये पहिल्या दोन नवोदय शाळा उघडल्या: एक हरियाणात झज्जरला, दुसरी आपल्या अमरावतीला. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने त्यांना ‘गतिनिर्धारक’ शाळा म्हटलं. आज देशात साडेसहाशेच्या वर नवोदय आहेत. तमिळनाडूत एकही नाही, कारण त्रिभाषा सूत्र त्या राज्याला मान्य नाही. महाराष्ट्राला हा प्रकार नवा नव्हता. साठच्या दशकात राज्याने शासकीय विद्यानिकेतनं काढली होती, आणि त्याच्याही किती तरी आधी, 1924 मध्ये, भाऊराव पाटलांनी साताऱ्यात वसतिगृह काढून सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली होती. फरक एवढाच की भाऊरावांच्या दारात परीक्षा नव्हती.

नवोदयच्या दारात आहे, आणि खरं सांगायचं तर मला शाळेपेक्षा त्या दाराने जास्त खिळवून ठेवलं.

परीक्षेचा अर्धा भाग, म्हणजे पन्नास गुणांची मानसिक क्षमता चाचणी, जवळजवळ बिनशब्दांची आहे. तिचे दहा प्रकार ठरलेले: विसंगत आकृती ओळखा, हुबेहूब आकृती शोधा, अर्धवट आकृती पूर्ण करा, मालिकेत पुढची कोणती येईल, समसंबंध, तुकड्यांतून चौकोन किंवा वर्तुळ जुळवा, आरशातली प्रतिमा, घडी घालून भोक पाडलेला कागद, सुटे भाग जोडल्यावर दिसणारा आकार, आणि मोठ्या आकृतीत लपलेली छोटी आकृती. प्रत्येक प्रकाराचे चार प्रश्न. चुकलं तर गुण कापत नाहीत.

यामागचा विचार सरळ आहे. ज्या घरात वर्तमानपत्र येत नाही, आईवडील ऊसतोडीला जातात, अशा घरातल्या मुलाला इंग्रजी शब्द विचारले किंवा सामान्य ज्ञान विचारलं, तर आपण मुलाची बुद्धी न मोजता त्याच्या घराची परिस्थिती मोजतो. आकृतीला मात्र माध्यम नसतं. आरशात उलटं दिसणं पुण्यातल्या सोसायटीत आणि खुटबावच्या वस्तीवर सारखंच. भाषेचे उतारेही मुलाने निवडलेल्या भाषेत असतात. मराठीत घेतले तर मराठीत. चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी बसून ही चाळणी विणली, आणि तिची भोकं पाडताना खेड्यातल्या पोराचा विचार केला, हे मान्य करावं लागतं.

दाण्याबरोबर खडा जाऊ नये म्हणून नियमही कडक केले. किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांच्या. निदान एक तृतीयांश मुली. अनुसूचित जाती-जमातींना, आणि अलीकडे इतर मागासवर्गालाही, आरक्षण. मूल त्याच जिल्ह्याचं रहिवासी हवं आणि पाचवीला त्याच जिल्ह्यात शिकत असलं पाहिजे. ग्रामीण जागेसाठी तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या मान्यताप्राप्त शाळेत पूर्ण झालेली हवीत. त्या तीन वर्षांत एक दिवस जरी शहरी शाळेच्या पटावर गेला, तरी मूल शहरी ठरतं. गावाकडच्या पत्त्यावर शिधापत्रिका ठेवून मुलाला शहरात शिकवणाऱ्यांना हा नियम पुरता ओळखून आहे.

या सगळ्यातून सहावीच्या वर्गात येतात कमाल ऐंशी मुलं. पुणे जिल्हा म्हणजे भोर-वेल्ह्याच्या डोंगरांपासून इंदापूरच्या ऊसपट्ट्यापर्यंत. त्याच्या वाट्याला ऐंशी. देशभराचं चित्र वेगळं नाही. जागा पन्नास हजारांच्या आसपास आणि अर्ज वीस लाखांच्या घरात.

आत आलेल्या मुलाचं आयुष्य घंटेवर चालतं. पहाटे उठणं, व्यायाम, नाश्ता, परिपाठ, तासिका, जेवण, दुपारचा अभ्यास, खेळ, रात्रीचा अभ्यास. देशातल्या सगळ्या नवोदयांत सदनांची नावं चारच: अरावली, निलगिरी, शिवालिक आणि उदयगिरी. सदनाचे हाऊस मास्टर म्हणजे शाळेतलेच शिक्षक. सकाळी जे सर त्रिकोणमिती शिकवतात, तेच रात्री हजेरी घेतात, कुणाला ताप आहे ते बघतात, आणि पहिल्या महिन्यात उशीत तोंड खुपसून रडणाऱ्या सहावीच्या पोराजवळ बसतात. बदलीची, चोवीस तासांची अशी नोकरी पत्करणारी माणसं हा या शाळेचा खरा कणा आहे. निकालाच्या बातमीत त्यांचं नाव येत नाही.

नवव्या इयत्तेत नवोदय एक असं काही करतं, जे दुसऱ्या शाळांत सहसा दिसत नाही. वर्गातली साधारण तीस टक्के मुलं वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या प्रदेशातल्या नवोदयात जातात आणि तिकडची तेवढीच इकडे येतात. मराठी मुलं हिंदी पट्ट्यात, हिंदी मुलं मराठी मुलखात. आलेल्यांनी इथली भाषा शिकायची. गेल्या वर्षी, 2025 मध्ये, महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदीच्या शासन निर्णयावरून केवढा गदारोळ झाला आणि जूनअखेर तो मागे घ्यावा लागला, हे ताजं आहे. इथे मात्र चौदा वर्षांची पोरं गेली कित्येक वर्षं बिनबोभाट एकमेकांच्या भाषेत भांडायला शिकताहेत. देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी होते, म्हणून कदाचित बोभाटा होत नसावा.

शिक्षणाचा खर्च सरकारचा. नववीपासून महिना सहाशे रुपये विद्यालय विकास निधी घेतात. मुली, अनुसूचित जाती-जमाती आणि दारिद्र्यरेषेखालची मुलं यांना तोही माफ. सरकारी नोकरांच्या मुलांना जास्त. आणि निकाल? 2025 मध्ये सीबीएसईचा दहावीचा एकूण निकाल 93.66 टक्के लागला, नवोदयांचा 99.49. बारावीत एकूण 88.39, नवोदयांचा 99.29. शाळांच्या प्रकारांनुसार लावलेल्या यादीत खाजगी शाळा नवोदयच्या मागेच होत्या.

हे आकडे वाचून छाती फुगते. मग शंका येते: ऐंशी निवडक मुलं घेतली तर कुणाचाही निकाल असा लागेल ना? अर्धं उत्तर हो असं आहे. उरलेलं अर्धं महत्त्वाचं आहे. दहाव्या वर्षी आकृती ओळखणारं मूल सतराव्या वर्षी आपोआप भौतिकशास्त्र शिकत नाही. मधली सात वर्षं पोटभर जेवण, रिकामी नसलेली शिक्षकाची खुर्ची, उघडं ग्रंथालय आणि रात्री दिव्याखाली बसायची जागा मिळाली म्हणून शिकतं. निवडीपेक्षा मला त्या सात वर्षांचं श्रेय जास्त वाटतं. आणि इथूनच काळजी सुरू होते, कारण ही सात वर्षं मिळावी अशी मुलं ऐंशीपेक्षा कितीतरी जास्त आहेत.

पहिली अडचण चाळणीचीच. दहा प्रकार ठरलेले असले की त्यांचे क्लास निघतात. शिरूर, दौंड, बारामती, कुठल्याही तालुक्याच्या गावी ‘नवोदय व शिष्यवृत्ती’ अशी पाटी शोधावी लागत नाही. सराव संच, रविवारच्या चाचण्या, उन्हाळी वर्ग, निवासी वर्ग. घडीच्या कागदाचे शंभर नमुने ज्याने आधी सोडवले, त्याला दीड मिनिट लागत नाही. अर्ध्या मिनिटात उत्तर हातात येतं. बिनशब्दांची चाचणी घराची परिस्थिती मोजू नये म्हणून आणली होती. क्लासच्या फीमधून ती परिस्थिती मागच्या दाराने आत आली.

दुसरी अडचण आपल्या राज्याच्या रचनेतली. महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या कित्येक शाळा चौथीपर्यंतच आहेत; पाचवीला मूल हायस्कुलात जातं. म्हणजे ज्या गुरुजींनी चार वर्षं त्याची नस ओळखली, ते परीक्षेच्या वर्षी त्याच्याजवळ नसतात. नव्या शाळेत साठजणांच्या वर्गात त्याचं नाव पाठ व्हायच्या आत ऑनलाइन अर्जाची मुदत संपलेली असते. ज्याचे पालक जागरूक, त्याचा अर्ज भरला जातो. ज्याचे आईबाप दरवर्षी कोयता घेऊन कारखान्याच्या पट्ट्यात जातात, त्याचा अर्ज कोण भरणार? चाळणीपर्यंत न पोहोचणारे दाणे कुठल्याच आकडेवारीत धरले जात नाहीत.

तिसरी अडचण शिक्रापूरच्या चौकात उभं राहिलं की डोळ्यांनी दिसते. कागदावर हे गाव ग्रामपंचायतीचं, म्हणून ग्रामीण. प्रत्यक्षात सणसवाडी, कोरेगाव भीमा, रांजणगावच्या कारखानदारीने इथली जमीन, भाडी आणि शाळा सगळंच बदललंय. इथल्या इंग्रजी माध्यमाच्या खाजगी शाळेतलं मूल आणि शिरूरच्या पूर्वेकडच्या कोरडवाहू वाडीतलं मूल एकाच ‘ग्रामीण’ रकान्यात बसतात. एक दिवसाचा कडक नियम शहरातून आलेल्याला अडवतो; गावातच उगवलेल्या शहराला अडवण्याची सोय त्यात नाही.

गंमत अशी की याच शिक्रापूरच्या एका वाडीने वेगळं उत्तर देऊन बघितलं. वाबळेवाडीची जिल्हा परिषद शाळा निवडक मुलांची नव्हती. वस्तीतलं जे मूल येईल त्याची होती. दत्तात्रय वारे गुरुजी आणि गावकऱ्यांनी ती उभी केली, गावाने जमीन दिली, काचेच्या वर्गखोल्या झाल्या, आणि बाहेरून प्रवेशासाठी रांग लागली. रांग आली की तक्रारी येतात. 2021 मध्ये वारे यांचं निलंबन झालं. पुढे ते खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या मोडकळीला आलेल्या शाळेवर गेले. मुलांनीच मुलांना शिकवण्याची ‘विषयमित्र’ पद्धत तिथे रुजली, आणि 2025 मध्ये त्या शाळेला जागतिक सर्वोत्तम शाळा पुरस्कारांत लोकांच्या मतदानातून दिला जाणारा पुरस्कार मिळाला. चाळणी न लावताही शाळा नावारूपाला येते, हे त्यातून सिद्ध होतं. ती एका माणसावर तोललेली असली तर तो हलताच काय होतं, हेही दिसतं. नवोदयात मुख्याध्यापकांपासून सगळ्यांच्या बदल्या होतात आणि शाळा चालू राहते. व्यवस्थेची ही ताकद वाबळेवाडीजवळ नव्हती.

म्हणून मला 1986 च्या धोरणातला ‘गतिनिर्धारक’ हा शब्द पुन्हा काढून बघावासा वाटतो. नवोदयच्या उद्दिष्टांत एक कलम स्पष्ट आहे: अनुभव आणि सोयी वाटून घेऊन आजूबाजूच्या शालेय शिक्षणाचा दर्जा उंचावणारं केंद्र व्हायचं. सहावीची ऐंशी मुलं निवडणं हे काम शाळा चोख करते. कुंपणाबाहेरच्या हायस्कुलांना प्रयोगशाळा, शिक्षक आणि अनुभव देण्याचं काम मात्र प्रत्येक प्राचार्याच्या उत्साहावर सोडलेलं आहे. डिसेंबर 2024 मध्ये केंद्राने 28 नवी नवोदय मंजूर केली; ती हवीतच. पण अशा गतीने पुणे जिल्ह्यासारख्या ठिकाणचा प्रश्न सुटणार नाही. पिंपळे जगतापच्या परिसरातल्या जिल्हा परिषद आणि संस्थांच्या हायस्कुलांतली आठवी-नववीची मुलं ठरलेल्या वारी नवोदयच्या प्रयोगशाळेत आली, रात्रीच्या अभ्यासाची शिस्त त्यांच्या शाळांनी उचलली, पाचवीच्या शिक्षकांनी इथे येऊन अर्ज कुणाकुणाचे राहिले याची यादी केली, तर त्याला नवा कायदा लागत नाही. जुन्या उद्दिष्टातलं एक कलम अंमलात आणावं लागतं.

निकालाच्या बातमीत 99 टक्के छापून येतील, यावर्षीही, पुढच्या वर्षीही. तालुक्याने विचारायला हवा तो आकडा वेगळा आहे: भांडगावातून यंदा किती अर्ज गेले, आणि ज्यांचं नाव लागलं नाही त्यांच्यासाठी शाळेने काय केलं.