डिक्कीतली हवा

खोडाळ्याहून सूर्यमाळकडे चढताना समोरून येणारी बोलेरो दिसायच्या आधी ऐकू येते. गाण्याचे शब्द नाहीत, चाल नाही, नुसता धमका. 40 हर्ट्झच्या स्वराची लाट सुमारे साडेआठ मीटर लांब असते. झाड, दरड, घाटाचं वळण यांना वळसा घालून ती पुढे येते. बारीक स्वर तिथंच अडकतात.

अशा गाडीभोवती पोरं जमली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : बाराचा आहे की पंधराचा? म्हणजे वूफर किती इंची. मला विचाराल तर हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न डबा किती लिटरचा, हा. बास खरेदी करून मिळत नाही, तो सुताराकडून करून घ्यावा लागतो.

उघडा वूफर हातात धरून वाजवला तर बास जवळजवळ येतच नाही. कोन, म्हणजे वूफरचा पडदा, पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. खालच्या स्वरात या दोन्ही हवा कडेनं एकमेकींना गाठतात आणि हिशोब शून्यावर येतो. डब्याचं पहिलं काम त्यांची ताटातूट करणं.

मागची हवा पूर्ण कोंडली की झाला सील डबा. आत अडकलेली हवा स्प्रिंगसारखी कोनला परत ढकलते. एडगर विलचर या अमेरिकन माणसानं 1954 साली याच स्प्रिंगच्या भरवशावर लहान डब्यातून खोल बास काढून दाखवला. त्याच्या कितीतरी आधी, 1930 मध्ये, बेल लॅबोरेटरीजच्या अल्बर्ट थुरास यांनी दुसऱ्या वाटेच्या पेटंटसाठी अर्ज केला होता, तो 1932 ला मंजूर झाला. त्यांची वाट अशी की मागची हवा वाया का घालवायची? डब्याला नळी बसवा आणि ती हवा पुढच्या हवेच्या मदतीला आणा. हाच आपला पोर्टवाला डबा. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की जो आवाज घुमतो तोच प्रकार : आतली हवा स्प्रिंग, मानेतली हवा वजन, दोघं मिळून एकाच ठरावीक स्वरावर डोलतात.

तो स्वर आपल्याला हवा तिथं आणणं म्हणजे ट्यूनिंग. बारा इंची वूफरसाठी 50 लिटरचा डबा धरू आणि तो 35 हर्ट्झवर आणू. पोर्टसाठी हार्डवेअरच्या दुकानातला 110 मिलिमीटरचा पीव्हीसी पाईप घेऊ. आतून तो साधारण दहा सेंटिमीटर. हिशोबानं नळीची लांबी 31 सेंटिमीटरच्या आसपास येते. हीच नळी 22 सेंटिमीटरवर कापली की ट्यूनिंग 40 हर्ट्झला जातं. करवत नऊ सेंटिमीटर चुकली आणि गाडीचा स्वभाव बदलला! शिवाय 50 लिटर ही निव्वळ हवा. नळी स्वतः तीनेक लिटर जागा खाते, वूफरचं मॅग्नेट आणि आतले टेकू वेगळे. ते मिळवून फळ्या कापायच्या. बाहेरून माप घेऊन डबा ठोकणारे इथंच फसतात. जास्त पॉवर लावली की ही दहा सेंटिमीटरची नळी अपुरी पडते, हवा जोरात धावते आणि बासबरोबर फुसफुस ऐकू येते. मग नळी रुंद करायची, आणि रुंद केली की लांबही करायची.

कुठल्या वूफरला किती हवा लागते, याचं गणित ऑस्ट्रेलियात जमलं. नेव्हिल थील यांनी 1961 साली पोर्टवाल्या डब्यांवर निबंध लिहिला. पुढं 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला रिचर्ड स्मॉल यांनी ते काम पुरं केलं. वूफरच्या खोक्यात येणाऱ्या कागदावरचे एफएस, क्यूटीएस, व्हीएएस हे आकडे म्हणजे या दोघांची देणगी. तो कागद पहिल्याच दिवशी फेकून दिला जातो, याचं मला कायम वाईट वाटतं.

आता लाकूड. शहरात डबे बहुतेक एमडीएफचे होतात. जड, सपाट, कापायला सोपं. पण जव्हार-मोखाड्याच्या पावसात एमडीएफच्या कडा फुगतात आणि स्क्रू सैल पडतात. इथं 18 मिलिमीटरचा, आयएस 710 शिक्क्याचा मरीन प्लायच बरा. महाग पडतो, पण चार पावसाळे काढतो. सांध्यांना फेविकॉल, आतून सिलिकॉन. सुईएवढी फट राहिली तरी ती शिट्टी मारते आणि सील डब्याचा स्प्रिंग ढिला करते.

हवाबंद सांध्याची ही शिस्त या डोंगरांना नवी नाही. तारपा करणारा माणूस सुकवलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, जिभल्या आणि ताडाच्या पानांचा कर्णा जोडताना मेणानं फटी बुजवतो. 2026 च्या पद्मश्रीच्या यादीत ज्यांचं नाव आलं ते भिकल्या लाडक्या धिंडा याच जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे. तारप्यात आणि वूफरच्या डब्यात यापुढं साम्य ताणू नये. तारप्याचा भोपळा वादकाचा श्वास साठवून जिभल्यांना पुरवतो. डब्यासारखा तो एका खालच्या स्वरावर बांधलेला नसतो. पण गळका भोपळा आणि गळका डबा, दोन्ही सारखेच बेकार.

डबा झाला की तपासणी. मोबाईलवर टोन जनरेटर लावायचा, 60 हर्ट्झपासून हळूहळू खाली यायचं आणि कानापेक्षा डोळ्यांवर भरवसा ठेवायचा. एका ठिकाणी आवाज भरपूर, पण कोन जवळजवळ स्थिर दिसतो. तेच ट्यूनिंग, तिथं काम नळीतली हवा करते. त्याच्याही खाली गेलं की कोनला मागून आधार उरत नाही, तो वाट्टेल तसा धावतो आणि कॉइल तुटू शकते. म्हणून पोर्टवाल्या डब्याला अँपवर हे अगदी खालचे स्वर कापणारा सबसॉनिक फिल्टर हवाच. सूर्यमाळच्या थंडीत दहा अंशांवर आणि उन्हात तापलेल्या गाडीत चाळीस अंशांवर आवाजाचा वेग सारखा नसतो; तेवढ्या फरकानं 35 चं ट्यूनिंग पावणेदोन हर्ट्झ सरकतं. कानाला कळत नाही, पण मोजणाऱ्यानं कोणत्या हवेत मोजलं ते लिहून ठेवावं.

गाडी स्वतःही एक डबाच असते. साधारण 60 हर्ट्झच्या खाली लाट केबिनमध्ये मावत नाही, तेव्हा आतल्या हवेचा दाबच एकदम वरखाली होतो आणि खालचे स्वर फुकटात वाढतात. सील डबा नेमका त्याच पट्ट्यात पडत जातो, त्यामुळे दोघांची जोडी छान जमते. गाणं ऐकण्यासाठी गाडीत बसणाऱ्याला मी सील डबाच सुचवेन. काचा खाली करून गावाला ऐकवायचं असेल तर पोर्ट, कारण काच उघडली की ही फुकटची वाढ बरीचशी निघून जाते.

विजेचं थोडक्यात : 500 वॉटचा क्लास डी अँप पूर्ण जोरात चालला तर बॅटरीकडून 45 अँपिअरच्या आसपास ओढतो. बारीक वायर तापते. फ्यूज बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत हवा, डिक्कीत नव्हे.

राहता राहिला शेजारी. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातली, पण ती ‘ए’ मापावर. हे माप कानाच्या आवडीनिवडीनुसार वजन देतं आणि 40 हर्ट्झच्या आवाजातून जवळजवळ 35 डेसिबल वजा करतं. वरातीतला डॉल्बी असो वा डिक्कीतला वूफर, त्याचा सगळ्यात खालचा भाग मीटरवर जेमतेम दिसतो. घराच्या पत्र्यांना मात्र ही वजाबाकी माहीत नसते.